मुंबईहून क्रूझ पकडताय? बोटीच्या आधी आणि नंतर होणाऱ्या या चुका टाळा

क्रूझवर कपडे कुठले न्यायचे, बाल्कनीवाली केबिन घ्यायची की आतली, जैन जेवण मिळतं का, यावर फॅमिली ग्रुपवर महिनाभर चर्चा चालते आणि आदल्या रात्री मुंबईत राहायचं कुठे हे मात्र "बघू तिथे गेल्यावर" वर सोडून देतात. मग घोळ होतात ते बोटीवर नाही, बोटीपर्यंत पोचताना आणि बोटीतून उतरल्यावर. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर कुठूनही येत असाल तरी हे वाचून घ्या. मुंबईकरांनी वाचलं तरी चालेल, बोरिवलीच्या माणसाला बॅलार्ड पिअर माहिती असतंच असं काही नाही.

टॅक्सीवाल्याला "क्रूझला जायचंय" एवढंच सांगणं

मुंबईत बोटी एकाच ठिकाणाहून सुटत नाहीत. गेटवेहून एलिफंटा आणि मांडव्याच्या लाँच सुटतात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच आणि मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी फेरीबोट) सुटते, आणि मोठी क्रूझ लागते ती बॅलार्ड पिअरला, बॅलार्ड इस्टेटमधल्या ग्रीन गेटला. त्यात अजून गंमत म्हणजे २०१८ मध्ये मुंबई-गोवा आंग्रिया क्रूझ सुरू झाली ती भाऊच्या धक्क्याजवळच्या डोमेस्टिक टर्मिनलवरून, त्यामुळे नेटवरची जुनी माहिती वाचून लोक आजही तिकडे जाऊन उभे राहतात. टॅक्सीवाला पण "बोट? अच्छा भाऊचा धक्का" म्हणून गाडी माझगावकडे घेतो आणि आपण मागे बसून मोबाईलमध्ये. कळेपर्यंत चार-पाच किलोमीटर चुकीच्या बाजूला गेलेलो असतो आणि परतीच्या पी. डिमेलो रोडवर कंटेनरचे ट्रेलर लागलेले असतात.

बंदराच्या गेटांना रंगांची नावं आहेत. ग्रीन, रेड, ब्लू, यलो, ऑरेंज, पर्पल. ऐकायला मजेशीर वाटतं पण टॅक्सीवाल्यांना हीच नावं कळतात. "बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट" असं दोन्ही मिळून सांगायचं, आणि तरी निघायच्या आधी आपल्या बोर्डिंग पासवर कुठलं गेट छापलंय ते बघायचं, कारण शेवटी तेच खरं. नवीन टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं, चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर आहेत म्हणे त्यात, तेव्हा त्याआधीच्या व्लॉगमध्ये जी शेड आणि जी रांग दिसते त्यावर भरवसा ठेवून अंदाज बांधू नका.

हॉटेल स्वस्त बघून लांब घेणं

अंधेरी, वाशी, पनवेल. इथे रूम हजार-दीड हजाराने स्वस्त मिळते हे खरंय. पण चार माणसं, चार मोठ्या बॅगा, सकाळची गर्दी आणि कॅबचं वाढीव भाडं धरलं तर वाचलेले पैसे रस्त्यातच जातात, वर धाकधूक वेगळी. माझं मत विचाराल तर एकच रात्र आहे ना, मग ती फोर्ट किंवा कुलाब्यातच काढा. सकाळी आरामात उठा, इडली-डोसा खा, आणि दहा-पंधरा मिनिटांत टर्मिनलला.

फक्त इथे पण काही गोष्टी फोन करून विचाराव्या लागतात, ॲपवरचे फोटो बघून कळत नाहीत. "सीएसएमटीपासून जवळ" लिहिलेलं हॉटेल मशीद बंदरच्या गल्लीत निघू शकतं, "साऊथ मुंबई" म्हणजे ग्रँट रोड पण असतं. वाईट आहे असं नाही, पण मोठ्या बॅगा घेऊन त्या गर्दीत टॅक्सी शोधायची म्हणजे काय ते जाऊन बघा एकदा. फोर्टातली बरीच बजेट हॉटेलं जुन्या इमारतीत तिसऱ्या नाहीतर चौथ्या मजल्यावर असतात आणि लिफ्ट असते ती जाळीच्या दाराची, त्यात दोन माणसं किंवा एक माणूस आणि एक बॅग मावते, आणि लाइट गेली की तीही बंद. आई-बाबांना गुडघ्याचा त्रास असेल तर लिफ्ट आहे का हे विचारून भागत नाही, रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती हे पण विचारा. रूमला खिडकी आहे का ते विचारा. आणि चेक-इन किती वाजता, कारण दुपारी दोनचं चेक-इन असेल आणि तुम्ही सकाळी साडेसातला पोचलात तर रिसेप्शनच्या सोफ्यावर बसायची तयारी ठेवा.

ठाणे, डोंबिवली, कल्याण, वसईवाल्यांसाठी खास: बऱ्याच हॉटेलांत लोकल आयडी चालत नाही. म्हणजे आधार कार्डावर मुंबई किंवा आसपासचा पत्ता असेल तर रूम देत नाहीत, मग तुम्ही बायकोमुलांसकट उभे असलात तरी. बुकिंग ॲपवर ही ओळ अगदी तळाला बारीक अक्षरात असते आणि पैसे भरून झाल्यावर रात्री दहा वाजता काउंटरवर वाद घालून काही उपयोग होत नाही. बुक करतानाच फोन करून विचारायचं, "लोकल आयडी चालेल का?" आणि पॅन कार्ड दाखवून चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. सगळ्यांची आधार नाहीतर पासपोर्ट मूळ प्रत जवळ ठेवा, मुलांचे पण. बोटीलाही तेच लागणार आहे.

रात्रीच्या गाडीवर सगळा प्लॅन टांगणं

महालक्ष्मी एक्सप्रेसने कोल्हापूरहून रात्री निघालं की सकाळी सीएसएमटी, हॉटेलचे पैसे वाचले, असा हिशोब बरेच जण करतात. गाडी वेळेवर आली तर ठीकच आहे. पण मग सकाळी साडेसात ते दुपारपर्यंत करायचं काय? अंघोळ नाही, बॅगा हातात, आणि बोर्डिंगची वेळ व्हायच्या आधी टर्मिनलमध्ये बसायला मिळेल याची खात्री नाही. असं येणारच असाल तर स्टेशनवर रिटायरिंग रूम किंवा स्लीपिंग पॉड आधी बघून ठेवा, क्लोकरूममध्ये बॅगा ठेवायच्या तर प्रत्येक बॅगेला कुलूप पाहिजे आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. कुलूप नसलेली सॅक ते घेत नाहीत, मग समोरच्या फुटपाथवर जाऊन कुलूप विकत घ्या.

पुणे-नाशिकवाल्यांचं वेगळं आहे. डेक्कन क्वीन पुण्याहून ७.१५ ला निघून १०.२५ ला सीएसएमटीला येते, दुपारच्या बोर्डिंगला पुरते. चालतं हे, पण पहिल्या गाडीनेच निघा, म्हणजे ती बोंबलली तर मागची गाडी किंवा एक्सप्रेसवे हा पर्याय उरतो. दुपारच्या गाडीने "पोचू की" असं म्हणणाऱ्यांचा मला खरंच अचंबा वाटतो. बोट संध्याकाळी सुटणार असली तरी चेक-इन काउंटर त्याच्या कितीतरी आधी बंद होतो, आणि बोट म्हणजे एसटी नाही की कंडक्टरला सांगून दोन मिनिटं थांबवली. नागपूर, अमरावती, नांदेडवाल्यांनी मात्र आदल्या दिवशीच यावं, त्यात काटकसर करू नये.

आणि तारीख बघा हो! जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते, ती सीएसएमटीच्या परिसरातूनच सुरू होते आणि सकाळी फोर्टातले रस्ते बंद असतात. ३१ डिसेंबरला गेटवे आणि मरीन ड्राइव्हकडे गाड्या वळवतात. आझाद मैदानावर मोठं आंदोलन असलं की सीएसएमटीचा चौक ठप्प. रविवारी मेगाब्लॉक. यातलं काही असेल तर दोन तास जास्त धरा, किंवा आधीच फोर्टात मुक्काम करा म्हणजे प्रश्नच मिटला.

रिक्षाची वाट बघणं

पुण्या-नाशकाच्या माणसाला हे खरं वाटत नाही पण दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत. पश्चिमेकडून वांद्र्यापर्यंत, पूर्वेकडून सायनपर्यंत, पुढे बंद. इथे काळी-पिवळी टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून कमीत कमी भाडं ३१ रुपये आहे. सीएसएमटी ते ग्रीन गेट अंतर जेमतेम दीड-दोन किलोमीटर, आणि नेमकं म्हणूनच टॅक्सीवाले नाही म्हणतात, त्यांना लांबचं गिऱ्हाईक हवं असतं. पाच जणांनी नाही म्हटलं म्हणून घाबरू नका. लांब पल्ल्याच्या गाडीने आलात तर मुख्य इमारतीच्या बाजूने बाहेर पडूच नका, १८ नंबर प्लॅटफॉर्मकडून पी. डिमेलो रोडला निघा, ती बाजू बॅलार्ड इस्टेटला सोयीची पडते. तिथे मीटरवर कोणी येत नसेल तर सरळ "शंभर देतो" म्हणा, नियमात बसत नाही पण बॅगा आणि म्हातारी माणसं सोबत असताना तत्त्वासाठी भांडण्यात अर्थ नाही. एकच सॅक असेल तर चालत जा, बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारती आणि झाडांखालचे रस्ते मुंबईतल्या सगळ्यात सुंदर रस्त्यांपैकी आहेत. फक्त रविवारी तिथे चिटपाखरू नसतं, ऑफिसं बंद म्हणजे खाण्याची दुकानंही बहुतेक बंद, तेव्हा पोटपूजा सीएसएमटीसमोर वडापाव खाऊन नाहीतर फोर्टातल्या उडप्याकडेच उरकून या.

एअरपोर्टवरून येणाऱ्यांसाठी आता भुयारी मेट्रो आहे. ॲक्वा लाइन ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, टी-१ आणि टी-२ दोन्हीला स्टेशन आहे आणि सीएसएमटीला उतरता येतं. जास्तीत जास्त तिकीट ७० रुपये, ट्रॅफिकचं टेन्शन नाही. भुयारात मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून ऑनलाइन तिकीट काढायचं तर वर रस्त्यावरच काढून घ्या. दोन-दोन मोठ्या सुटकेस असतील तर मात्र टॅक्सीच बरी.

चढायच्या दिवशी मुंबई दर्शन

"दुपारपर्यंत वेळ आहे, एलिफंटा करून येऊ." नका करू. जायला तास, यायला तास, वर पायऱ्या, आणि परतीच्या लाँचची रांग तुमच्या हातात नाही. सोमवारी तर लेणी बंदच असतात. हेच उतरायच्या दिवशी करा, जर परतीची गाडी संध्याकाळची असेल तर. चढायच्या दिवशी फार तर काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तिथून टर्मिनल जवळ आहे. बॅगा मात्र हॉटेलातच ठेवून, चेक-आउट झाल्यावरही दोन-तीन तास बहुतेक हॉटेलं सांभाळतात.

उतरल्यावरची घाई

बोट सकाळी लागते म्हणून अकराचं विमान बुक करणारे महाभाग आहेत. बोट धक्क्याला लागणं आणि तुम्ही बॅग घेऊन रस्त्यावर येणं यात बराच वेळ जातो, डेकप्रमाणे सोडतात, मग बॅगा शोधा, मग हजारभर लोक एकदम बाहेर येऊन एकाच वेळी कॅब लावतात आणि भाडं दुप्पट दिसायला लागतं. तेव्हा तिथेच उभं राहून ॲप रिफ्रेश करत बसू नका, गेटपासून थोडं पुढे बॅलार्ड इस्टेटच्या आत चालत या आणि रस्त्यावरून जाणारी काळी-पिवळी पकडा. विमान दुपारी तीननंतरचं घ्या. आणि तिकिटावर एअरपोर्ट कुठला ते दोनदा वाचा, डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही चालू झालंय, ते पूर्ण उलट दिशेला आहे, तिकडे जायला फ्रीवेवरून अटल सेतू, कारला एकेरी टोल २५० रुपये.

लोकलला घाबरणाऱ्यांना एक सांगतो. सकाळी गर्दी असते ती सीएसएमटीकडे येणाऱ्या गाड्यांना. सीएसएमटीहून ठाणे-कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत त्याच वेळी बसायला जागा मिळते, बॅगा घेऊन आरामात जाता येतं. संध्याकाळी मात्र उलटं, तेव्हा पाचच्या आत निघा.

स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांनी चार दिवस ती ठेवायची कुठे हे आधी ठरवा. बंदरात ठेवता येईल असं गृहीत धरू नका. नवी मुंबई किंवा ठाण्यात कोणी नातेवाईक असेल तर त्यांच्या सोसायटीत गाडी लावून पुढे लोकल किंवा टॅक्सी, हे मला सगळ्यात सुटसुटीत वाटतं.

गोव्याला उतरणार असाल तर

एकतर्फी तिकिटावर गोव्याला उतरायचं आणि हॉटेल बागा-कळंगुटला घ्यायचं, ही पण नेहमीची चूक. बोट लागते मुरगावला, म्हणजे वास्कोजवळ. बागा तिथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पहिली रात्र वास्को, बोगमाळो किंवा दक्षिणेत कोलव्याकडे काढा आणि मग पाहिजे तिकडे जा. परतीचं विमान दाबोळीचं असेल तर बंदरापासून अगदी जवळ, मोपाच्या नव्या विमानतळाचं असेल तर अख्खा उत्तर गोवा ओलांडून जायचंय, दीड-दोन तास धरा. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत, गोवामाइल्सचं ॲप आदल्या दिवशीच टाकून ठेवा, आणि बंदराबाहेरच्या टॅक्सीत बसायच्या आधी बॅगांसकट भाडं किती ते ठरवून घ्या. ट्रेनने येणार असाल तर मडगाव स्टेशन बंदरापासून तीसेक किलोमीटर आहे, आणि पावसाळ्याच्या वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्यांच्या वेळा बदलतात, त्यामुळे जूनमध्ये परतणाऱ्यांनी तिकिटावरची वेळ आदल्या रात्री परत एकदा तपासा.