समुद्र नसलेलं बेट: बेळगावहून दिवाडीला निवांत सुट्टीसाठी कसं जावं

बेळगावात ‘दोन दिवस गोव्याला जाऊन येऊ’ असं कुणी म्हटलं की डोळ्यासमोर कळंगुटची गर्दी आणि पार्किंगसाठी गोल गोल फिरणारी गाडी येते. सुट्टी संपवून आलेला माणूस मग सोमवारी ऑफिसात जाऊन विश्रांती घेतो. विश्रांतीच हवी असेल तर मी दिवाडीचं नाव सांगतो. गोव्यात मांडवी नदीतलं हे बेट. नदीच्या एका तीरावर जुने गोवे, दुसऱ्या तीरावर नार्वे. आपल्या वाटेने आलात तर बेटावर पाय ठेवायला फेरीबोट लागते, आणि गर्दी बाहेर राहते ती त्या फेरीमुळेच.

आधी घरच्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगा

दिवाडीला चौपाटी नाही. वाळू नाही, लाटा नाहीत, शॅक नाहीत. मी पहिल्यांदा घरच्यांना घेऊन गेलो तेव्हा हे सांगायचं राहून गेलं. फेरीतून उतरल्यावर मावशीने पाच मिनिटं इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, “अरे, समुद्र कुठंय?” दुपारी जेवण होईपर्यंत ती माझ्याशी नीट बोललीच नाही. मुलांना पाण्यात खेळायचंच असेल तर एक दिवस वेगळा काढून किनाऱ्यावर न्या. दिवाडीच्या पाण्यात मात्र कुणालाही उतरू देऊ नका. मांडवीच्या या भागात आणि शेजारच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. हे गमतीने सांगत नाही.

मग तिथे आहे काय? भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली खाजन शेती, खारफुटी, जुनी पोर्तुगीज धाटणीची घरं, टेकडीवरचं चर्च आणि रस्त्यावर दहा मिनिटांत एखादी स्कूटर. एवढ्यावर दोन दिवस निघतील असं वाटत असेल तर पुढे वाचा.

दिवस निवडताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत बरं. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, आपल्याला कोरड्या हवेची सवय. मे महिन्यात खाली उतरलात तर घामाने जीव नकोसा होतो. पावसाळ्यात बेट हिरवंगार आणि देखणं दिसतं, पण चोर्ला घाटात धुकं असतं आणि दरडीही पडतात. रात्रीचा घाट तर पावसात टाळाच.

तारखांचंही बघा. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेरा असतो. रंगीत झेंडे, मिरवणुका, बँड, तुडुंब माणसं. उत्सव म्हणून जरूर जा, विश्रांतीसाठी तो दिवस नको. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं फेस्त असतं, तेव्हा तिकडच्या फेरीच्या धक्क्यापर्यंत पोचणंच मुश्कील. जोडून सुट्ट्या आल्या तर शनिवार-रविवारऐवजी मंगळवार-बुधवार धरा. रजा टाकावी लागेल, पण रजा टाकून शांतता मिळत असेल तर सौदा वाईट नाही.

राहायचं आधी पक्कं करा

बेटावर मोठी हॉटेलं शोधू नका. काही होमस्टे आणि जुन्या घरांत काढलेल्या मोजक्या खोल्या मिळतात. तिथे पोचून बघू, असं इथे चालत नाही. बोलताना तीन गोष्टी विचारून घ्या: जेवण घरी मिळतं का, शाकाहारी असाल तर तसं बनवतील का, आणि तुमच्या घराला जवळचा धक्का कोणता. तिसरा प्रश्न बहुतेकजण विसरतात. बेटाला वेगवेगळ्या बाजूंनी फेऱ्या लागतात, आणि चुकीच्या धक्क्यावर उतरलात तर सामान घेऊन भलतीच पायपीट होते.

वाट: पणजीला जायची गरजच नाही

नकाशा पणजी, मग जुने गोवे, मग फेरी असंच दाखवतो. आपण बेळगावची माणसं मात्र वरून येतो. आपल्याला मागचं दार जवळ.

पिरनवाडीहून जांबोटी रस्त्याला लागा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, मग घाट उतरून केरी आणि साखळी. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे, तिथे पाय मोकळे करायला थांबा. घाटाआधीचा तो चांगला विसावा. साखळीहून पणजीकडे न वळता डिचोलीला या. गाडीची टाकी इथेच भरा, एटीएममधून थोडी रोकड काढा, आणि मग नार्वे. सकाळी सात-साडेसातला निघालात तर वाटेत चहा-नाश्ता धरून दुपारच्या जेवणाला बेटावर.

नार्व्याला फेरीची घाई करू नका. आधी सप्तकोटीश्वराचं देऊळ बघा. गोव्याच्या कदंब राजांचं हे कुलदैवत. त्यांच्या नाण्यांवर ‘श्री सप्तकोटीश्वर लब्ध वरप्रसाद’ अशी अक्षरं असत. मूळ देऊळ दिवाडीवर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडलं, तेव्हा देव नदीपलीकडे आला आणि आपल्या गावाचं नावही घेऊन आला. म्हणून बेटावर एक नार्वे आणि अलीकडे दुसरं. १६६८ साली शिवाजी महाराजांनी या अलीकडच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. २०२३ मध्ये नव्याने दुरुस्ती झाल्यापासून ते पुन्हा नेटकं दिसतंय.

हे एवढं सांगतोय कारण कदंब आपल्याला परके नाहीत. खानापूर तालुक्यातलं हलशी त्यांचंच, तिथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ बघितलं नसेल असा आपल्याकडचा माणूस विरळा. हलशी ते दिवाडी, एकाच घराण्याचा मुलूख. पणजीहून बेळगावला येणारी ‘कदंब’ बस त्याच नावाने धावते. बसमध्ये बसताना हे कुणाच्या मनात येत नाही, तो भाग वेगळा.

स्वतःची गाडी नसेल तर पणजीची बस धरा आणि तिथून जुन्या गोव्याची स्थानिक बस. से कॅथेड्रलच्या बाजूने नदीकडे उतरलं की व्हाइसरॉयची कमान लागते. १५९९ ची आहे, वास्को द गामाच्या पणतूने उभारलेली. कमानीखालून सरळ धक्का. पाठीवर पिशवी घेऊन हे चालत जाणं मला गाडीपेक्षा आवडतं, पण सोबत म्हातारी माणसं असतील तर नार्वेच सोयीचं.

फेरीत गाडी चढवताना

पायी जाणाऱ्याला तिकीट लागत नाही. गाडीचे दर बदलत असतात, सुटे खिशात ठेवा. ओहोटीला धक्क्याचा उतार लांब उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं. दुचाकी असेल तर मागे बसलेल्याला आधी उतरवा, पहिल्या गिअरमध्ये सावकाश न्या, पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. मी दाबला होता. गाडी आडवी झाली, आरसा फुटला, आणि मासळीची पाटी घेऊन उभ्या असलेल्या एका बाईने फक्त “हळू रे बाबा” म्हटलं. ती रोज त्याच उतारावरून चपला हातात घेऊन चढते.

आत गेलात की इंजिन बंद करा, कार असेल तर हँडब्रेक ओढा आणि बाहेर येऊन उभे राहा. काही मिनिटांचंच अंतर, पण सुट्टी सुरू होते ती इथे. पुढची लोखंडी फळी साखळीने वर जाते, पाण्यावर डिझेलचा वास पसरतो, आणि फोन बघणारे सगळे एकदम फोन खिशात टाकतात, कारण समोरचा तीर जवळ येत असतो.

बेटावर दोन दिवस

पहिल्या संध्याकाळी पिएदादच्या टेकडीवर चढा. चर्चसमोरच्या अंगणातून मांडवी आणि पलीकडे जुन्या गोव्याची शिखरं दिसतात. शेजारच्या दफनभूमीत एक छोटं चॅपेल आहे, त्यात जुन्या देवळाचे अवशेष असल्याचं लोक सांगतात. प्रार्थना चालू असेल तर बाहेरच थांबा. चर्चमध्ये जाताना हाफ पँट नको.

दुसऱ्या सकाळी लवकर उठा. पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों-पों भोंगा ऐकू आला की दारात जा. सायकलच्या मागच्या टोपलीतून तो पोई, म्हणजे गोव्याचा पाव, काढून देईल. कोंड्याची, आत पोकळ, हाताला गरम. चहात बुडवून खा. आम्ही घरून कडक भाकरी नि शेंगाचटणी नेली होती. पोईत शेंगाचटणी घालून तेल सोडलं, आणि घरमालकिणीने चव घेऊन उरलेली डबीच ठेवून घेतली.

मग बांधावरून चाला. खाजनाच्या बांधात लाकडी दारं असतात, त्याला मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर जातं. शेतात खारं पाणी सोसणारं कोरगूट भात लावतात. बेळगावात राकसकोप धरणाचं पाणी दोन दिवसांआड येतं म्हणून भांडणाऱ्या माणसाने हे दार बघायलाच हवं. वीज नाही, मोटर नाही, माणूसही उभा नाही. भरती-ओहोटी पालटायच्या वेळी शांत बसलात तर दार हलताना दिसतं. बांधावर गाडी घालू नका, शेतातून आडवे जाऊ नका.

दुपारी झोपा. खरंच झोपा, कारण बेटही झोपतं, दुकानंही मिटतात. दुपारी एक ते चार काही मिळेल ही आशा ठेवू नका.

पक्ष्यांची आवड असेल तर एक सकाळ शेजारच्या चोडण बेटासाठी ठेवा. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य तिथेच, खारफुटीत, पावणेदोन चौरस किलोमीटरचं. दिवाडीहून रायबंदरला जायचं आणि तिथून दुसरी फेरी. ओहोटी धरून गेलात तर चिखलावर पायांशिवाय उड्या मारणारे निवटे मासे मुलांना दाखवता येतील. तासभर सहज जातो.

बोलायचं म्हणाल तर मराठी बहुतेकांना कळते. निघताना “देव बरें करूं” एवढं म्हटलं तरी समोरच्याचा चेहरा खुलतो.

परतताना

घाट उजेडात चढायचा असेल तर दुपारी दोनच्या आत नार्व्याची फेरी धरा. कणकुंबीच्या नाक्यावर गाडी तपासतात. परवाना नसलेल्या बाटल्या डिकीत ठेवून तिथे वाद घालण्यात काही मजा नाही. काजू घ्यायचे असतील तर डिचोलीच्या बाजारात घ्या. आणि शेवटच्या सकाळी पदेराकडून दहा-बारा पोया जास्तीच्या बांधून घ्या. बेळगावला पोचेपर्यंत कडक होतात, पण तव्यावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं की पुन्हा मऊ.