रॉक बँडसाठी डार्क आर्ट अन् व्हिडिओ बनवताय? या चुका टाळा

परवा एका पोराने व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर पाठवलं, म्हणे दादा बघ नं कसं झालं. मी धरमपेठेत चहाच्या टपरीवर उभा, दुपारचे दोन वाजलेले, ऊन असं की रस्त्याकडे बघवत नव्हतं, अन् मोबाईल उघडला तर त्या पोस्टरमध्ये मला फक्त माझाच चेहरा दिसला. घरी येऊन लॅपटॉपवर उघडलं तेव्हा कळलं की त्यात जंगल होतं, झाडाच्या मुळांत अडकलेली कवटी होती, धुकं होतं, सगळं मेहनतीने काढलेलं. पोरगं चांगलं आहे, हात चांगला आहे, पण त्याने ते रात्री लाइट बंद करून स्क्रीनचा ब्राइटनेस फुल ठेवून केलं होतं. म्हणून हे लिहितोय, कारण नागपुरात आता बरीच पोरं-पोरी बँडसाठी काम करतायत अन् जवळपास सगळे याच चुकीपासून सुरू होतात.

अंधार म्हणजे काळा रंग नाही. अंधार दाखवायचा तर त्यात काहीतरी दिसावं लागतं, एखादी कड, ओल्या दगडावरची चमक, अर्धा डोळा. काम करताना खोलीत थोडा उजेड ठेवा, स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्याच्या आसपास आणा, अन् फायनल करायच्या आधी तेच चित्र साध्या मोबाईलवर टाकून भर दुपारी बाहेर जाऊन बघा. तिथे आकार ओळखू आला तर काम झालं, नाही आला तर शॅडो, म्हणजे गडद भाग, थोडे उजळा. पूर्ण काळा रंग फक्त एकदोन ठिकाणी, जिथे खरंच खड्डा पाहिजे तिथेच.

व्हिडिओत हीच चूक जास्त महाग पडते कारण शूट परत होत नाही. डार्क लूक पाहिजे म्हणून सेटवरच कमी एक्सपोजरने शूट करतात, मग एडिटमध्ये चेहरा उचलायला गेलं की सगळा नॉइज वर येतो, काळ्या भागात रंगीत दाणे नाचतात, अन् ते काही केल्या जात नाही. शूट करताना उजेड पुरेसा घ्या अन् ग्रेडिंगमध्ये, म्हणजे एडिटमध्ये रंग-उजेड बसवताना, खाली आणा. वेव्हफॉर्म, म्हणजे फ्रेममधला उजेड दाखवणारा आलेख, बघायची सवय लावा, ० ते १०० च्या पट्टीवर गायकाचा चेहरा ३० ते ४० मध्ये असला तरी तो अंधारातलाच वाटतो पण भाव दिसतात. अन् बँडवाले सगळे काळ्या टीशर्टमध्ये, केस काळे, मागे काळा पडदा, अशा वेळी समोरून लाइट वाढवून उपयोग नाही, मागून एक लाइट खांद्यावर-केसांवर टाका म्हणजे माणूस पडद्यापासून सुटतो. एकच लाइट असेल तर तो मागेच लावा अन् समोर पांढरं थर्माकोल धरा, माझे कितीतरी शूट एवढ्यावर झालेत.

रिहर्सल रूममध्ये शूट केलं अन् फुटेजमध्ये उजेड लपलप करतोय? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, ट्यूबलाइट अन् स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर ठेवा, शटर १/५० किंवा १/१००. बरेच जण अमेरिकेतले ट्युटोरियल बघून ३० फ्रेम अन् १/६० लावतात, तिकडची वीज ६० हर्ट्झ असते म्हणून त्यांचं चालतं, आपलं नाही चालत. तरी लपलप राहिली तर तो दिवा बंद करा अन् दुसरा आणा, एडिटमध्ये ते नीट निघत नाही.

आता पट्टे. धुकं, काळं आभाळ, भिंतीवर विरत जाणारा उजेड, लॅपटॉपवर एकदम मऊ, अन् यूट्यूबवर टाकलं की जिन्याच्या पायऱ्यांसारखे पट्टे. याचं कारण साधं आहे. ८-बिट व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत साधारण २२० पायऱ्याच मिळतात, त्यातला आपला अंधार म्हणजे खालच्या पन्नासेक पायऱ्या, अन् त्या पन्नास पायऱ्या १९२० पिक्सेलच्या रुंदीवर पसरवल्या तर एकेक पायरी डोळ्याला दिसणारच, वरून यूट्यूबचं कॉम्प्रेशन अंधारातले बारकावे आधी खातं. कॅमेऱ्यात १०-बिट असेल तर त्यावर शूट करा, पायऱ्या जास्त मिळतात. एडिटच्या शेवटी पूर्ण फ्रेमवर हलका ग्रेन, म्हणजे बारीक दाणे, टाका, तो पट्ट्यांच्या कडा मोडतो. गाणं १०८० मध्ये शूट केलं असलं तरी ४के मध्ये एक्सपोर्ट करून चढवा, मोठ्या रिझोल्यूशनला बिटरेट, म्हणजे दर सेकंदाचा डेटा, जास्त मिळतो. अन् बँडला लिंक पाठवायच्या आधी अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असं, टाकून टीव्हीवर बघा. एक्सपोर्ट झालेली फाइल एकदम फिकट किंवा एकदम गडद दिसत असेल तर ग्रेडिंगला हात लावू नका, आधी फुल अन् लिमिटेड रेंजचं सेटिंग (काळ्या-पांढऱ्याची पूर्ण पट्टी की आखूड) तपासा, बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

स्लो मोशनची चूकही कॉमन आहे. गायक नॉर्मल स्पीडच्या गाण्यावर गातो, कॅमेरा ५० फ्रेमवर, अन् एडिटमध्ये स्लो केलं की ओठ जुळत नाहीत. सेटवर गाणं दुप्पट स्पीडने वाजवायचं, गायकाने त्याच्यावर गायचं, मग २५ वर आणलं की ओठ बरोबर बसतात अन् केस, घाम, धूर सगळं तरंगतं. आधी घरी प्रॅक्टिस करायला लावा, दुप्पट वेगात गाणं सोपं नाही, ड्रमरला तर फार अवघड जातं. कटिंगसाठी एक हिशोब लक्षात ठेवा, १५० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १५० बीटचं, गाणं असेल तर २५ फ्रेममध्ये एक बीट बरोबर १० फ्रेमचा. पण प्रत्येक बीटला कट मारू नका, डोळा थकतो अन् एकही चित्र मनात राहत नाही.

स्टेजच्या एलईडी वॉलसाठी व्हिज्युअल देताना आधी वॉलचं माप विचारा. नेहमीचा अर्ध्या मीटरचा चौकोनी पॅनल ३.९१ पिचचा (दोन पिक्सेलमधलं अंतर ३.९१ मिलिमीटर) असेल तर त्यात १२८ बाय १२८ पिक्सेल असतात, म्हणजे ४ मीटर बाय अडीच मीटरची वॉल फक्त १०२४ बाय ६४० ची झाली. तुमची बारीक कोरलेली नक्षी तिथे चिखल होते. मोठे आकार, जाड कडा, जास्त कॉन्ट्रास्ट. स्ट्रोब, म्हणजे झपझप चमकणारा उजेड, सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा मारू नका, भडक लाल तर नकोच. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानात टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झपझपीने ६८५ जणांना, त्यात बहुतेक लहान मुलं, हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं होतं. आपल्या शोला येणाऱ्या कोणाला मिरगी आहे हे आपल्याला माहीत नसतं.

टीशर्टवर थोडं जास्त बोलतो, कारण बँडला पैसा त्यातूनच मिळतो. काळ्या टीशर्टचं डिझाइन काळ्या बॅकग्राउंडसकट पाठवलं की प्रिंटर तो काळा चौकोनही छापून देतो, काळ्यावर काळं, छातीवर रबराचा पत्रा. ४५ डिग्रीत तो टीशर्ट कोण घालणार सांगा. माझ्याकडून पहिल्याच ऑर्डरमध्ये हे झालं, साठ टीशर्ट, अन् चूक प्रिंटरची नव्हती, फाइल मी दिली होती. काळा रंग पूर्ण काढून टाका, कापडाचा काळा तोच तुमचा अंधार, बॅकग्राउंड ट्रान्सपरंट ठेवा. रंगाच्या खाली पांढऱ्याचा थर लागतो तो स्क्रीनच्या, म्हणजे छपाईच्या जाळ्यांच्या, हिशोबात धरा. धुरासारखे विरणारे भाग हाफटोनच्या ठिपक्यांत करा अन् एक पॉइंटपेक्षा बारीक रेषा ठेवू नका, त्या धुण्यात जातात.

पोस्टर ऑफसेटला, म्हणजे छापखान्यात, जाणार असेल तर तिथे चार शाया असतात, सी (निळसर), एम (गुलाबीसर), वाय (पिवळी), के (काळी). फक्त के १०० चा काळा राखाडी येतो, अन् चारही रंग १०० टाकले तर शाई ४०० टक्के होते, वाळत नाही, एका कागदाचं दुसऱ्याला लागतं. सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० हे मला पुरतं. त्यावर बारीक पांढरी अक्षरं नकोत, शाई आत शिरून ती बुजतात.

अन् अक्षरांवरून आठवलं, देवनागरी लोगो. मराठी-हिंदी गाणी करणाऱ्या बँडना आता आपल्याच लिपीत लोगो पाहिजे असतो, मला याचा फार आनंद होतो. पण इंग्रजी मेटल लोगोसारखे काटे लावायच्या नादात शिरोरेषा तोडतात, अन् मग म चा भ वाचला जातो, घ चा ध. ही अक्षरं शिरोरेषेवरच वेगळी होतात. काटे लावायचे तर वेलांट्यांना, मात्रांना, रफाराला लावा, तिथे लिपी स्वतःच वर उडते, खाली उकारांची मुळं करा. जुन्या मोडीची कागदपत्रं बघा, त्यातल्या वळणांत जेवढी भीती आहे तेवढी उसन्या गॉथिक फॉन्टमध्ये नाही.

सगळ्यात जास्त वाईट मला दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. नागपूरचा बँड, गाणं शेतकऱ्याच्या कर्जावर, अन् कव्हरवर बर्फ, पाइनचं जंगल, जळणारं चर्च. कायले? इंग्लंडच्या ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचा १९७० चा पहिला अल्बम घ्या, कव्हरवर ऑक्सफर्डशायरमधली एक पाणचक्की आहे, इन्फ्रारेड फिल्मवर काढलेला फोटो, त्यांच्याच देशातली जागा. आपल्याकडे काय कमी आहे? कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या अन् राख, उमरेडच्या कोळशाच्या खाणी, भेगा पडलेली काळी माती, मे महिन्यातला दुपारचा सुनसान रस्ता जिथे सावलीसुद्धा राहत नाही. अन् मारबत! तान्ह्या पोळ्याला १८८० च्या दशकापासून काळी अन् पिवळी मारबत, बाईचे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत हजारो लोक गल्लीतून ओरडत जातात अन् शेवटी ती जाळतात. गावाचा रोग, राग, दुःख एका बाईच्या पुतळ्यात भरून शहराबाहेर नेणं, याच्यापेक्षा डार्क काय पाहिजे. फक्त ती लोकांची श्रद्धा आहे, तिला भुताचा मुखवटा करून वापरू नका. आधी दोनचार वर्षं जा, बनवणाऱ्यांशी बोला, त्यांना विचारून फोटो काढा, मग तिच्यातलं काय गाण्यात बसतं ते ठरवा. खाण, रेल्वे, जंगल, घाट, कुठेही शूट असेल तर परवानगी काढा, अन् ड्रोन उडवायच्या आधी तो कुठे उडवता येतो याचा सरकारी नकाशा बघा, शहरातच विमानतळ आहे.

गुगलवरून उचललेली कवटी वापरू नका. बाजारात प्लास्टरची मिळते, स्वतः लाइट लावून फोटो काढा, ती तुमची होते.

शेवटचं पैशाचं, अन् हे बहुतेकांना उलटं माहीत असतं. मी बनवलं म्हणजे हक्क माझा, असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो, पेंटिंग किंवा फिल्म करून घेतली अन् वेगळा करार नसला तर पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी एक पान लिहून घ्या, कव्हरला वापरणार की टीशर्टलाही, किती वर्षं, करेक्शन किती वेळा, अ‍ॅडव्हान्स किती. हक्क लिहून देताना मुदत टाकली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, अन् प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. बँडमधले मित्र असले तरी लिहा, बँड फुटतात, अन् मग लोगो कोणाचा यावर जे भांडण होतं त्यात चित्रकाराला कोणी विचारत नाही. मूळ लेयरच्या फाइल देणार का नाही, तेही त्याच पानावर टाका.