गंजलेले पाने, पकड, वाइस चार्जरवर साफ कसे करायचे

आखाजी झाली, सालदार ठरला, की मृगाच्या आधी अवजारं बाहेर निघतात आणि मग दिसतं की मागच्या पावसाळ्यात शेडमध्ये पोत्यात भरून ठेवलेलं सगळं तांबडं झालंय. पकड उघडत नाही, पाना फिरत नाही, वाइस तर पार जाम. बरेच जण मग संडास धुवायचं ॲसिड आणतात. त्याने गंज जातो हे खरं, पण ॲसिड गंजापाशी थांबत नाही, खालचं चांगलं लोखंडही खातं, पान्यावरचे आकडे पुसट होतात आणि धुऊन ठेवलं की थोड्या वेळात परत पिवळा थर येतो. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला तर वरवरचं निघतं, आट्यांमधलं तसंच राहतं.

त्यापेक्षा करंट देऊन गंज काढायची पद्धत बरी, इलेक्ट्रोलिसिस म्हणतात ती. गंजलेली वस्तू मायनसला, भंगारातला एक लोखंडी तुकडा प्लसला, दोन्ही सोड्याच्या पाण्यात, एकमेकांना न चिकटता. करंट चालू केला की वस्तूवर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे येतात, गंज सैल होतो आणि बराचसा काळ्या थरात बदलतो, तो घासला की निघतो. चांगलं लोखंड जागेवरच राहतं. पण गंजाने खाल्लेलं लोखंड काही परत भरून येत नाही, खड्डा पडलाय तिथे खड्डाच राहणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आणि सगळ्याच वस्तूंना हे करायची गरज नाही भाऊ. वखराची पास, कोळप्याची पास यांच्यासाठी बादली मांडत बसू नका, काळ्या मातीत दोन तास चालली की आपोआप चमकते. जुना वाइस, पाने, सुताराच्या रंध्याचं पातं, आजीचा अडकित्ता, बिडाचा तवा, म्हणजे ज्या वस्तूची धार, आटे किंवा आकार जपायचाय त्यासाठीच ही मेहनत.

सामान काय लागतं

रंगाची रिकामी प्लास्टिकची बादली, लोखंडी बादली अजिबात नको. कपडे धुवायचा सोडा, किराणा दुकानात सुटा मिळतो. नुसता खायचा सोडा घेतला तर काम फार हळू होतं, पण घरात तोच असेल तर कोरड्या कढईत चांगला भाजून घ्या, त्यातली वाफ आणि गॅस उडून गेला की मागे धुवायचा सोडाच राहतो. १० लिटर पाण्याला साधारण ३ मोठे चमचे पुरतात, जास्त टाकून फार फरक पडत नाही. मीठ मात्र चिमूटभरही टाकू नका, मिठाने करंट जोरात वाहतो म्हणून लोक टाकतात आणि मग प्लसच्या बाजूला क्लोरीन गॅस निघतो. बोअरचं पाणी खारट असेल तर तेही टाळा, नळाचं किंवा फिल्टरचं वापरा.

प्लसला लावायला स्लॅबच्या सळईचे तुकडे सगळ्यात सोपे, घराचं काम चालू असेल तिथे पडलेलेच असतात. स्टीलचा चमचा, वाटी, ग्लास बिलकुल नको. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, ते पाण्यात विरघळून विषारी होतं आणि अशा पाण्याने कॅन्सरचा धोका असतो, दिसायला स्वच्छ वाटतं म्हणून कित्येक जण नेमकं तेच लावतात. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, जीआय पाइप आणि तांब्याची तारही प्लसच्या बाजूने पाण्यात बुडवायची नाही.

आता करंट. गाडीच्या बॅटरीचा जुना ट्रान्सफॉर्मरवाला १२ व्होल्टचा चार्जर सर्वात चांगला, बादलीभर कामाला २ ते ५ अँपिअर खूप झाले. फवारणी पंपाचा चार्जरही चालतो, तो दीड-दोन अँपिअरचा असतो म्हणून वेळ जास्त घेतो इतकंच. नवीन ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत, तेव्हा मध्ये एक जुनी १२ व्होल्टची बॅटरी जोडायची, प्लसला प्लस, मायनसला मायनस. शेतात लोडशेडिंग असेल तर सरळ ट्रॅक्टरची बॅटरी लावता येते, पण मग प्लसच्या वायरमध्ये हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब मालिकेत जोडा, म्हणजे करंट बल्बमधून होऊनच पुढे जाईल असा. सळई आणि वस्तू चुकून चिकटली तर बल्ब पेटेल, वायर जळणार नाही, आणि करंट साधारण साडेचार-पाच अँपिअरच्या वर जात नाही. घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनची वायर थेट पाण्यात सोडायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर हा लेख इथेच बंद करावा.

मांडणी

आधी वस्तूवरचं ग्रीस, चिखल डिझेलने आणि मग साबणाने धुऊन काढा, तेलकट जागी करंट पोचत नाही. लाकडी मूठ असेल तर काढून ठेवा. जिथे मायनसचा चिमटा लावायचा तिथे पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड दिसू द्या, निम्मी तक्रार इथलीच असते, चिमटा गंजावर बसतो आणि मग बुडबुडेच येत नाहीत. बादलीवर आडवी काठी ठेवा, तिला वस्तू तारेने टांगा, तळाला टेकू देऊ नका. सळया चारी बाजूंनी उभ्या करा आणि एकमेकींना तारेने जोडा, कारण करंट समोरासमोर जास्त काम करतो, एकच सळई ठेवली तर पाठीमागची बाजू तशीच राहते आणि वस्तू फिरवत बसावं लागतं. प्लसचा चिमटा पाण्याच्या वर, सळईच्या टोकाला.

सगळं जोडून झाल्यावर दोनदा बघा, मायनस वस्तूला आहे ना. उलटं झालं तर सळई साफ होते आणि तुमचा वाइस विरघळायला लागतो.

मगच बटण चालू करा. मिनिटाभरात वस्तूवरून बुडबुडे येतात आणि थोड्या वेळाने पाण्यावर तांबडा फेस जमतो. हे काम उघड्यावरच करायचं, ओसरीत किंवा झाडाखाली, बंद खोलीत नाही, हायड्रोजन पेट घेतो त्यामुळे जवळ बिडी, चूल, ग्राइंडर काही नको. चिमटे काढायचे किंवा पाण्यात हात घालायचा तर आधी प्लग काढा, नाहीतर ठिणगी पडते. हातमोजे घाला, सोड्याने हात फाटतात. पोरं आणि ढोरं लांब ठेवा.

हलक्या गंजाला दोन-तीन तास, जुन्या जाड गंजाला रात्रभर. जास्त वेळ राहिलं तर वस्तूचं बिघडत नाही. पाणी फार गरम लागलं तर सळया वस्तूपासून लांब सरकवा.

बाहेर काढल्यावर

वस्तू काळीकुट्ट दिसेल, घाबरू नका, तारेच्या ब्रशने किंवा घासणीने पाण्याखाली घासा, काळं निघून खालचं राखाडी लोखंड दिसतं. राहिलं असेल तर परत टांगा. यानंतर मात्र गप्पा मारत बसायचं नाही, उघडं ओलं लोखंड काही मिनिटांत पुन्हा पिवळं पडतं. गरम पाण्याने धुवा, पुसा, उन्हात ठेवा, मे महिन्यातल्या जळगाव-भुसावळच्या ४५ अंशाच्या उन्हात ते हात लावू देत नाही इतकं तापतं, आणि लगेच तेल. अवजारांना जळकं ऑइल चालतं, तव्याला आणि अडकित्त्याला शेंगदाण्याचं, तव्याला तर पातळ हात फिरवून धूर निघेपर्यंत तापवा.

ॲल्युमिनियम, जस्त, पितळ या पाण्यात टाकू नका, ॲल्युमिनियमला तर सोडाच खातो. स्प्रिंग, हाय टेन्साइल बोल्ट, ब्रेकचे आणि स्टेअरिंगचे भागही नकोत, हायड्रोजन कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो, मग ऐन लोड आला की तुटतं.

पाणी लगेच फेकायची गरज नाही, तांबडं झालं तरी काम करतं, कमी झालं की साधं पाणी वाढवा. सळया खात जातात, वरचा थर खरवडून परत लावा आणि पेन्सिलीएवढ्या झाल्या की बदला. शेवटी पाणी टाकायचं ते विहिरीपासून लांब, मुरमाड जागी किंवा रस्त्याच्या कडेला, केळीच्या बागेत नाही, सोड्यातल्या सोडियमने आपली काळी माती चोपण होते.