नाशिकहून घर हलवताय? पॅकर्स-मूव्हर्सशी ठरवताना या चुका टाळा

सामान हलवताना भांडणं होतात ती बहुतेक वेळा गाडी दारात उभी राहिल्यावर, पण त्यांची सुरुवात पंधरा दिवस आधीच्या फोनवर झालेली असते. "टू बीएचके आहे, पुण्याला न्यायचंय, किती घ्याल?" एवढ्यावर मिळालेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. मूव्हरने तुमचं घर पाहिलेलं नाही, तुम्ही त्याला काही दाखवलेलं नाही, तरी दोघंही त्या आकड्यावर विसंबून तारीख पक्की करतात. मग सामान अर्धं गाडीत चढल्यावर सुपरवायझर म्हणतो, "दादा, सामान जास्त निघालं, गाडी मोठी लागेल." तेव्हा हातात काही उरत नाही. नवीन भाडेकरू संध्याकाळी येणार असतो, शाळा सोमवारी सुरू होणार असते, आणि माणूस मुकाट्याने पैसे काढून देतो. म्हणूनच खाली लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी गाडी येण्याआधी करायच्या आहेत.

घर न दाखवता भाव ठरवणं

कंपनीचा माणूस घरी येऊन सामान बघून जाऊ द्या. तो येत नसेल तर व्हिडिओ कॉलवर दाखवा, पण दाखवा. आणि आलेल्या माणसाला हॉलमध्ये बसवून चहा दिला म्हणजे सर्व्हे झाला असं समजू नका. माळा उघडून दाखवा. बाल्कनीतल्या कुंड्या, पार्किंगमधली सायकल, गच्चीवर ठेवलेली जुनी कॉट, बाथरूममधला गीझर, पलंगाच्या पोटातल्या गाद्या, सगळं त्याच्या यादीत यायला हवं. माळ्यावरचं सामान तर प्रत्येक घरात विसरलं जातं, आणि पितळेची भांडी, गणपतीची आरास, जुनी पुस्तकं असं सगळं जड सामान तिथेच असतं.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे धान्याची कोठी. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरून ठेवणारी घरं नाशिकमध्ये अजून भरपूर आहेत. दीड-दोन क्विंटलची भरलेली कोठी दोघा कामगारांना जिन्यावरून उतरवता येत नाही. तशीच ओढली की तळाची कड वाकते, झाकण पुन्हा नीट बसत नाही आणि नव्या घरात पावसाळ्यात सोनकिडे होतात. कोठी आधी रिकामी करा. गहू पंचवीस-तीस किलोच्या गोण्यांत भरून तोंडं शिवून घ्या, आणि रिकाम्या कोठीत उशा, चादरी भरा. जागाही वाचते आणि कोठीला पोचाही येत नाही. मे-जूनमध्ये हलायचं नक्की असेल तर गहू नव्या गावी पोचल्यावरच भरलेले बरे.

सर्व्हेनंतर कोटेशन लेखी घ्या. त्यात एकूण रकमेबरोबर काय काय धरलं आहे हेही लिहिलेलं हवं: पॅकिंगचं साहित्य, चढवणं-उतरवणं, मजले, पलंग-कपाट खोलणं आणि पुन्हा जोडणं, टोल, जीएसटी. एसी काढण्या-बसवण्याचे पैसे बहुतेक वेळा वेगळे असतात, तेही विचारा. सामानाची यादी कोटेशनलाच जोडलेली असली की "जास्त निघालं" म्हणायला जागा उरत नाही. तीन ठिकाणचे भाव घ्या, आणि दोघांपेक्षा तिसरा फारच स्वस्त असेल तर तो नेमकं काय गाळतोय ते शोधा. फरक बहुतेक वेळा कामगारांच्या संख्येत, पॅकिंगच्या दर्जात किंवा गाडीत असतो. तुमच्या सामानाबरोबर दुसऱ्याचंही सामान भरून नेणारी गाडी स्वस्त पडते, पण वाटेत गोडाऊनला सामान उतरतं, पुन्हा चढतं आणि दिवस वाढतात. पूर्ण गाडी की शेअरिंग, हे कोटेशनवर लिहून घ्या.

गाडी दारापर्यंत येते का, हे न बघणं

कॉलेज रोडच्या किंवा पाथर्डी फाट्याच्या नव्या इमारतीत सतरा फुटी आयशर सहज उभी राहते. रविवार कारंजा, भद्रकाली, पंचवटीतल्या जुन्या गल्ल्यांत ती शिरतही नाही. मग मोठी गाडी लांब उभी राहते आणि मध्ये छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, फेऱ्या मारतो. त्याचे पैसे कोण देणार, हे आधी बोललं नसेल तर ते तुमच्याच खिशातून जातात. वाड्यातून निघणाऱ्यांनी जिन्याची रुंदीही मोजावी. जुनं सागवानी कपाट चाळीस वर्षांपूर्वी दोराने गॅलरीतून वर चढवलेलं असतं आणि घरात ते आता कोणाला आठवत नाही.

जिथे जायचं तिथलीही चौकशी करा. पुण्या-मुंबईच्या अनेक सोसायट्यांत सामान हलवायला ठरावीक वेळ असते, लिफ्टसाठी डिपॉझिट घेतात, काही ठिकाणी रविवारी परवानगीच देत नाहीत. शहरात अवजड वाहनांना दिवसा काही तास बंदी असते. गाडी पहाटे पोचून दुपारपर्यंत बाहेर थांबली तर थांबण्याचे पैसे लावले जातात. सोसायटीच्या सेक्रेटरीला एक फोन करून वेळ विचारून घ्या आणि ती कंपनीला मेसेजवर कळवा.

तारीख फक्त मुहूर्ताने ठरवणं

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, आणि कोणत्याही महिन्याचे शेवटचे दोन दिवस: या वेळी गाड्या मिळत नाहीत, मिळाल्या तर कामगार एक काम उरकून थकलेले येतात. मुहूर्त पाळायचा असेल तर जरूर पाळा. त्या दिवशी देव, कलश घेऊन घरच्यांनी जावं, दूध उतू घालावं, आणि सामान चार दिवसांनी मधल्या वारी आणावं. पितृपंधरवड्यात बरीच कुटुंबं हलत नाहीत, त्यामुळे ज्यांना चालतं त्यांना तेव्हा गाडीही मिळते आणि भावातही बोलता येतं.

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईकडे जाणार असाल तर इगतपुरीपासून कसारा घाटापर्यंतचा पाऊस गृहीत धरा. उघड्या गाडीवर ताडपत्री टाकून चालत नाही. बंद बॉडीचा कंटेनरच मागा आणि तसं लिहून घ्या. गाद्या कापडात किंवा पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या असतील तर वरून प्लास्टिक हवंच.

आणि सिंहस्थ. ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे आणि मुख्य स्नानपर्वं ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये. 2015 च्या कुंभात पर्वणीच्या काळात बाहेरची वाहनं शहराबाहेरच थांबवली होती, हे पंचवटीतल्या लोकांना चांगलं आठवत असेल. त्या दिवसांच्या मागेपुढे घर बदलायची वेळ येत असेल तर तारीख आताच पुढे-मागे करा.

नावावर विश्वास ठेवणं, नंबर न तपासणं

इंटरनेटवर एकदा नंबर टाकला की तासाभरात दहा फोन येतात. त्यातले काही जण कंपनीवाले नसतातच. ते काम घेतात, कमिशन ठेवतात आणि दुसऱ्याला देतात. ओळखायची सोपी रीत अशी: जीएसटी क्रमांक मागा आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून बघा, लॉगिन लागत नाही. क्रमांक 15 अंकी-अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा असेल तर 27 ने सुरू होतो. पोर्टलवर दिसणारं नाव, कोटेशनवरचं नाव आणि ज्या खात्यात ॲडव्हान्स मागतात त्या खात्याचं नाव, ही तिन्ही जुळली पाहिजेत. ऑफिस आडगाव नाक्याला असो की अंबडला, एकदा जाऊन बघून या.

बँकेत किंवा सरकारी नोकरीत असाल आणि बदलीचा खर्च मिळणार असेल, तर ऑफिसला कसं बिल चालतं ते आधी विचारा. इंडियन बँक्स असोसिएशनने शिफारस केलेल्या वाहतूकदारांची यादी असते. "आयबीए अ‍ॅप्रूव्हड" असं गाडीवर रंगवलेलं असलं तरी यादीत नाव आहे का, ते स्वतः बघा.

"इन्शुरन्स केलाय" एवढ्यावर समाधान मानणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. कोटेशनमध्ये सामानाच्या किमतीच्या काही टक्के रक्कम "इन्शुरन्स" म्हणून लावलेली असते, पण पुष्कळदा विमा कंपनीची पॉलिसी काढलेलीच नसते. ते मूव्हरनेच घेतलेले जोखमीचे पैसे असतात आणि तुटल्यावर भरपाई त्याच्या मर्जीवर असते. गाडी निघण्याआधी तुमच्या नावाचं विमा कंपनीचं प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर ती रक्कम देऊ नका.

प्रमाणपत्र हातात आलं की तीन गोष्टी वाचा. विमा फक्त अपघात, आग, गाडी उलटणं यासाठी आहे की हाताळताना झालेली तूटफूटही त्यात धरली आहे? तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यांतल्या वस्तू धरल्या आहेत का? बहुतेक वेळा नसतात, म्हणून काचेचं सामान कामगारांकडूनच पॅक करून घ्या. आणि तुम्ही जाहीर केलेली किंमत किती? हप्ता वाचवायला पाच लाखांचं सामान दोन लाखांचं दाखवलं तर दावाही त्याच प्रमाणात कापला जातो.

बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदार माल घेताना देतो त्या पावतीवर (एलआरवर), "ओनर्स रिस्क" म्हणजे जोखीम मालकाची, असं छापलेलं आहे का तेही बघा. रस्ते मालवाहतुकीचा 2007 चा कायदा आणि 2011 चे नियम यांनुसार, जादा जोखमीचा दर ठरवून दिलेला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. वीस हजार भाडं आणि आठ लाखांचं सामान असेल तर हे गणित आधीच करून ठेवा.

सगळे पैसे आधी देणं

बुकिंगला थोडे, सामान चढल्यावर काही आणि मोठा हिस्सा उतरवून झाल्यावर, असं ठरवा. सगळं आधी दिलं की गाडी वाटेत असताना फोन येतो. ओळखीतल्या एका काकूंचं सामान इंदिरानगरहून पुण्याला निघालं. चाकणजवळून ड्रायव्हरने कळवलं की नाक्यावर जकात मागतायत, लगेच पैसे टाका. जकात 2017 साली जीएसटी आल्यापासून महाराष्ट्रात कुठेच नाही. काकूंनी ते तिथल्या तिथे सांगितलं, फोन बंद झाला आणि गाडी संध्याकाळी मुकाट्याने सोसायटीत आली. असाच दुसरा बहाणा ई-वे बिलाचा, म्हणजे जीएसटीत मालवाहतुकीसाठी काढायच्या ऑनलाइन कागदाचा असतो. वापरलेलं घरगुती सामान ई-वे बिलाच्या नियमातून वगळलेलं आहे, त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका.

जास्त पैशांसाठी कोणी सामान अडवूनच ठेवलं तर ते नुसतं व्यवहारातलं भांडण राहत नाही. वाहतुकीसाठी सोपवलेल्या मालाचा अपहार करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. 112 वर फोन करा, बिल्टी आणि गाडीचा नंबर हाताशी ठेवा. म्हणूनच गाडी निघताना नंबर प्लेटचा फोटो काढून तो बिल्टीवरच्या नंबराशी ताडून बघावा.

यंत्रं आणि स्वयंपाकघर आयत्या वेळेवर सोडणं

फ्रीज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या, आणि तो उभाच न्या. नव्या घरात उभा करून काही तास थांबल्यावरच चालू करा. फ्रंट लोड वॉशिंग मशीनबरोबर आलेले ट्रान्झिट बोल्ट शोधून मागे लावून घ्या, नाहीतर हादऱ्याने आतला ड्रम खराब होतो. एसी काढताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेणारा मेकॅनिक बोलवा. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच राहिली पाहिजे, त्यात ॲसिड असतं. पलंगाचे स्क्रू पिशवीत भरून ती पिशवी त्याच पलंगाच्या फळीला चिकटवा.

लोणच्याच्या बरण्या आणि तेलाचे डबे गाडीत देऊ नका. एक बरणी फुटली तर शेजारच्या सगळ्या खोक्यांचं काम होतं. गॅसचं सिलिंडर मूव्हर नेणार नाही आणि नेऊही नये. दुसऱ्या गावी जात असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या, त्यावर नवीन गावी कनेक्शन मिळतं. दागिने, घराचे कागद, औषधं, लॅपटॉप आणि कपाटांच्या किल्ल्या स्वतःबरोबर.

न बघता सही करणं

चढवताना सुपरवायझर प्रत्येक वस्तूला नंबर चिकटवतो आणि यादीत तिची अवस्था लिहितो. इथे त्याच्या शेजारी उभं राहा. टीव्हीसमोर त्याने "स्क्रॅच" लिहिलं आणि टीव्हीला स्क्रॅच नसेल, तर तिथेच खोडून घ्या, कारण पुण्यात काच तडकलेली निघाली की तोच कागद पुढे येईल. प्रत्येक यंत्र चालू करून त्याचा छोटा व्हिडिओ काढा, तारखेसकट फोनमध्ये राहतो.

उतरवताना घरातल्या एकाने दारात यादी घेऊन नंबरावर टिक करत राहावं, दुसऱ्याने आत खोकी कुठे ठेवायची ते सांगावं. कामगारांना घाई असते, ते कागद पुढे करतात. "सामान चांगल्या अवस्थेत मिळालं" या ओळीखाली तशीच सही करू नका. जे फुटलं, जे आलं नाही, ते नंबरासकट लिहा. सगळी खोकी तेव्हा उघडणं शक्य नसेल तर "खोकी न उघडता ताब्यात घेतली" असं स्वतःच्या अक्षरात लिहून मग सही करा आणि त्या कागदाचा फोटो काढा.

नुकसान दिसलं तर फोटो जोडून त्याच दिवशी कंपनीला आणि विमा कंपनीला ईमेल करा, नुसत्या फोनवर भागवू नका. वाहतूकदारावर दावा करायचा तर मालाच्या बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत लेखी नोटीस गेलेली असावी लागते. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइन भरता येते. तिथे कोटेशन, यादी, बिल्टी, पैसे दिल्याच्या पावत्या आणि फोटो एवढं लागेल, म्हणून दोन वर्षं तरी ती फाइल रद्दीत जाऊ देऊ नका.