पान खाल्लेलं दिसलं की लगेच फवारा? या चुका टाळा

कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "कुठलं औषध मारू?" नाशिकच्या गंगापूर रोडवरची गच्ची असो नाहीतर निफाडची द्राक्षबाग, आधी कोण खातंय ते बघा ना! झाड, झाडाला खाणारी कीड आणि त्या किडीला खाणारा मित्रकिडा असे तिघं तिथे असतात, आणि घाईच्या फवाऱ्यात हा तिसरा हमखास जातो. कीड मग पुन्हा वाढते, तो मात्र लवकर परत येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ मिलीबगमध्ये होतो. द्राक्षावर, जास्वंदीवर पांढरा कापसासारखा थर दिसला की लोक त्याच्यावर फवारत बसतात आणि खोडावरून मुंग्यांची रांग चढतेय तिकडे बघतच नाहीत. मिलीबग झाडाचा रस पितो, त्या रसात साखर भरपूर पण बाकीचं पोषण कमी, म्हणून त्याला खूप रस ओढावा लागतो आणि जास्तीची साखर तो चिकट थेंबांतून बाहेर टाकतो. मुंग्या येतात त्या या गोडासाठी, आणि बदल्यात मिलीबगला खायला आलेल्या लेडीबर्ड भुंग्याला, मिलीबगच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांना हुसकावून लावतात. त्याच चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि घड विकायच्या लायकीचा राहत नाही. म्हणून आधी मुंग्यांची वाट बंद करा, खोडाला चिकट पट्टी लावा, आणि बागेत मांडवाच्या लोखंडी अँगलवरून, तारेवरून, घरी भिंतीला टेकलेल्या फांदीवरून पण त्या चढतात हे विसरू नका. दुसरं म्हणजे मिलीबगच्या अंगावर मेणाचा थर असतो आणि तो सैल सालीखाली लपतो, तिथे फवारा पोचतच नाही, त्यामुळे द्राक्षाच्या खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातली मोठी छाटणी) सुटलेली साल काढून बागेबाहेर नेऊन नष्ट करा.

आता जी चूक बघून मला खरंच वाईट वाटतं ती. क्रिप्टोलेमस नावाचा लेडीबर्ड मिलीबग खातो, १८९८ साली तो ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. पण त्याची अळी स्वतःच पांढरी, मेणाचे धागे लटकलेली, अगदी मोठ्या मिलीबगसारखी दिसते आणि लोक तिलाच कीड समजून मारतात!! काडीने हलकं डिवचा, भराभर पळाली तर ती क्रिप्टोलेमस, मिलीबगला एवढी चाल नसते.

कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी छोटी अळी असेल, मोठी झाल्यावर हिरवी होत असेल आणि डिवचल्यावर डोक्यामागून वास मारणारं शिंग बाहेर काढत असेल तर ते फुलपाखराचं पिल्लू आहे. मोठं झाड पुन्हा फुटतं, राहू द्या. कुंडीतलं लहान रोप असेल तर अळी उचलून बाहेरच्या लिंबावर किंवा बेलावर सोडा.

युरिया जास्त झाला तरी मावा, म्हणजे कोवळ्या पानांचा रस पिणारी बारीक कीड, वाढतो. पानं हिरवीगार, कोवळी, रसात नत्र भरपूर, माव्याला हेच पाहिजे, आणि त्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते, उबदार हवेत ती पिल्लं आठवड्याभरात स्वतः व्यायला लागतात. म्हणजे खत आपण घालायचं आणि खायचं माव्याने. लाल कोळीचं अजून वेगळं, तो आठ पायांचा, कीटकच नाही, बरीच कीटकनाशकं त्याला लागू पडत नाहीत आणि त्याला खाणारे मात्र मरतात, मग फवारणीनंतर कोळी दुप्पट दिसला की लोक म्हणतात औषध डुप्लिकेट निघालं.

आणि टोमॅटोवाले, झेंडू लावताय ते चांगलंच आहे, फळ पोखरणाऱ्या हिरव्या अळीचा मादी पतंग झेंडूच्या फुलांवर अंडी घालतो आणि टोमॅटो वाचतो. पण दोन्ही रोपं एकाच वयाची लावली तर झेंडू उशिरा फुलतो आणि काही उपयोग होत नाही. शिफारस आहे ती टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची १ ओळ, उंच जातीचा झेंडू, लावताना त्याचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं, म्हणजे फुलं सोबत येतात. आणि लावून सोडून देऊ नका, झेंडूवरच्या अळ्या वेचाव्याच लागतात, नाहीतर त्याच मोठ्या होऊन पतंग होतात आणि पुढची अंडी थेट टोमॅटोवर.