दत्तकपणाचा पाठ बायबल अभ्यासगटात कसा घ्यावा

दत्तकपण म्हणजे देवाने आपल्याला स्वतःची मुले म्हणून स्वीकारणे. या पाठाला दीड तास ठेवा आणि सुरुवात गलतीकरांस पत्र ४:१-७ पासून करा. तिथे क्रम स्वच्छ दिसतो: देव पुत्राला पाठवतो, तो नियमशास्त्राखालच्यांना (मोशेच्या नियमांनी बांधलेल्यांना) खंडणी भरून सोडवतो, मग दत्तकपण मिळते, आणि आपण पुत्र आहोत म्हणूनच आत्मा अंतःकरणात "अब्बा" (बापा) अशी हाक मारतो. हा क्रम फळ्यावर लिहा. बहुतेक गोंधळ तो उलटा केल्याने होतो: आधी चांगले वागू, मग देव आपलेसे करील. लगेच योहान १:१२ वाचा. स्वीकारणे आणि विश्वास ठेवणे, एवढेच तिथे मागितले आहे.

आपल्याकडे दत्तक म्हटले की निपुत्रिकाचा वंश चालवणे डोळ्यांसमोर येते. हे आधीच बोलून टाका. देवाला पुत्र आहेच. इथे गरज आपली आहे. ही पत्रे लिहिणाऱ्या पौलाच्या रोमी जगात तर प्रौढ माणसालाही दत्तक घेत. सम्राट ऑगस्टसने इ.स. ४ मध्ये टायबेरियसला दत्तक घेतले, तेव्हा टायबेरियसने चाळिशी ओलांडली होती.

मग रोमकरांस ८:१४-१७. सतराव्या वचनातले ख्रिस्ताबरोबर दुःख सोसणे गाळू नका. नाहीतर पहिल्याच मोठ्या आजारपणात वाटते, देवाने टाकले. तेविसावे वचनही जोडा: शरीराची मुक्ती अजून यायची आहे.

"पुत्र" ऐकून बहिणी गप्प बसतात. गलती ३:२६-२८ त्यांच्याकडूनच वाचून घ्या; तिथे स्त्री-पुरुष हा भेद उरत नाही. ज्यांनी घरी बापाचा मारच खाल्ला, त्यांना "बापा" म्हणायची घाई करू नका. त्यांच्यासोबत लूक १५:२०, परतणाऱ्या मुलाकडे धावत जाणारा बाप, सावकाश वाचा आणि शेवटची पंधरा मिनिटे प्रार्थनेला मोकळी ठेवा.