ब्रीडरकडून आणलेलं पिल्लू आजारी निघालं तर काय करायचं

कुत्र्याचं आठ आठवड्यांचं निरोगी पिल्लू नव्या घरात पहिली रात्र रडतं, एखादं जेवण टाळतं, पण जागं असताना हुंगत, अडखळत, हाताला लागेल ते चावत फिरतं. जे पिल्लू कोपऱ्यात पडून राहतं, जेवणाचा वास आला तरी मान उचलत नाही, त्याला ‘नव्या जागेला बुजलंय’ म्हणून सोडून देऊ नका. ते आजारी आहे असं धरूनच पुढची पावलं टाका. ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकणारा, फोनवर बहुतेक वेळा ‘प्रवासाचा शीण आहे, दोन दिवस थांबा’ असंच सांगतो. पार्वोमध्ये (उलट्या आणि रक्ताचे जुलाब करणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार) ते दोन दिवसच पिल्लाचा जीव घेतात.

या काळात दोन कामं एकाच वेळी चालू ठेवावी लागतात: पिल्लू वाचवणं आणि तारखा लिहून ठेवणं. दुसरं काम नंतर करू म्हटलं की राहून जातं, आणि पुढे भरपाई मागताना हातात काहीच उरत नाही.

पहिले काही तास

वरचा ओठ उचलून हिरड्या बघा. त्या गुलाबी आणि ओलसर हव्यात. बोटाने दाबल्यावर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. फिकट हिरड्या म्हणजे रक्त कमी, आणि पिल्लांमध्ये त्याचं नेहमीचं कारण म्हणजे आकडीजंत (आतड्यात रक्त पिणारे जंत) किंवा अंगभर गोचीड, पिसवा. चिकट, कोरड्या हिरड्या म्हणजे शरीरातलं पाणी कमी झालंय. मानेची कातडी ओढून बघण्याची पद्धत लहान पिल्लांत फसवी असते, तिच्यावर विसंबू नका.

डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलिन लावून ते गुदद्वारात साधारण एक-दीड सेंटीमीटर घाला. ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस ठीक. ३९.५ च्या वर ताप. ३७.५ च्या खाली असेल तर ती तापाहून मोठी काळजीची गोष्ट आहे: गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, पिल्लाला तिच्यापासून सरकायला जागा ठेवा आणि निघा. अंग गार पडलेल्या पिल्लाला खाऊ घालू नका. पचन थांबलेलं असतं आणि घास श्वासनलिकेत जायची भीती असते.

लहान जातीचं पिल्लू लटपटतंय, मान टाकतंय, तंद्रीत आहे, तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. मध किंवा साखरेचा घट्ट पाक अर्धा चमचा घेऊन हिरड्यांवर चोळा. तोंडात ओतू नका, आणि झटका चालू असेल तर बोट दातांमध्ये घालू नका. पाच-दहा मिनिटांत तरतरी आली तरी डॉक्टरकडे जायचंच, कारण साखर का उतरली हा प्रश्न तसाच असतो.

उलट्या आणि रक्ताचे, घाण वासाचे जुलाब एकत्र दिसले की सकाळची वाट बघायची नाही. दवाखान्यात जाताना आधी फोन करून ‘पार्वोचा संशय आहे’ असं सांगा, म्हणजे ते तुम्हाला इतर कुत्र्यांमध्ये बसवणार नाहीत. घरातलं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, माणसांची जुलाब थांबवायची गोळी यांतलं काही देऊ नका. दूधही नको, त्याने जुलाब वाढतात.

डॉक्टरकडे काय मागायचं

पिल्लू ठणठणीत दिसत असलं तरी घेतल्यापासून ४८ ते ७२ तासांच्या आत तपासणी करून घ्या आणि निष्कर्ष लेखी मागा. नुसतं ‘चेकअप’ म्हणू नका. वजन, हृदयाचा आवाज, टाळूला फट, बेंबीचा हर्निया, गुडघ्याची वाटी सरकते का, नर असेल तर दोन्ही वृषण उतरलेत का, डोळे, कान, कातडी हे सगळं बघून लिहून द्यायला सांगा. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असल्याचं सांगितलं असेल तर स्कॅनर फिरवून १५ आकडी क्रमांक कागदांशी ताडून पाहा. हृदयात हलका आवाज आला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. वाढत्या पिल्लांत निरुपद्रवी आवाज असतो आणि तो चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत जातो. मोठा किंवा अखंड घरघरणारा आवाज असेल तर मात्र हृदयाची सोनोग्राफी लागते.

शीचा ताजा नमुना न्या. लगेच जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. जंतांची अंडी रोज बाहेर पडत नाहीत, त्यामुळे एक नमुना कोरा आला म्हणजे पिल्लू साफ असं नाही. दिवसाआड तीन नमुने तपासणं चांगलं. कोंडलेल्या जागेत वाढलेल्या पिल्लांत जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी नेहमी सापडतात, त्यांचीही तपासणी सांगा. पार्वोची शीवरची झटपट चाचणी सुरुवातीला चुकून निगेटिव्ह येऊ शकते. लक्षणं तीच असतील तर एक-दोन दिवसांनी पुन्हा करा. उलट, नुकतीच लस टोचली असेल तर फिकट पॉझिटिव्ह रेघ येऊ शकते, म्हणून लसीची तारीख डॉक्टरांना आधी सांगा.

पिल्लाचं खरं वय विचारा. पुढचे दात आणि सुळे आहेत, पण दाढा अजून हिरडीतून डोकावताहेत, तर पिल्लू चार ते सहा आठवड्यांचं आहे, कागदावर काहीही लिहिलेलं असो. दुधाचे सगळे २८ दात साधारण आठ आठवड्यांपर्यंत येतात. अगदी छोट्या जातींत थोडे उशिरा.

आता लसीचं कार्ड. खऱ्या नोंदीत लसीच्या कुपीचं स्टिकर, बॅच क्रमांक, तारीख, डॉक्टरची सही आणि शिक्का असतो. नुसतं पेनाने ‘पहिला डोस’ लिहिलेलं असेल तर डोस झालाच नाही असं समजून डॉक्टरांकडून नवं वेळापत्रक घ्या. कार्ड खरं असलं तरी सहा आठवड्यांच्या आत दिलेल्या लसीवर भरवसा नाही, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लस लागू होऊ देत नाही. याच कारणाने डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत द्यावे लागतात. आजारी पिल्लाला मात्र बरं होईपर्यंत लस नको.

तारखा काय सांगतात

संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही दिवस जातात. पार्वोत हे अंतर साधारण ३ ते ७ दिवस, क्वचित १४ पर्यंत. डिस्टेंपरमध्ये (कुत्र्यांचा आणखी एक गंभीर विषाणूजन्य आजार) एक ते दोन आठवडे, कधी जास्त. म्हणून घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पार्वो निघाला तर तो विकणाऱ्याकडूनच आला. दहाव्या दिवशी निघाला तर वाद होणार, आणि मग पिल्लू त्या दहा दिवसांत कुठे कुठे गेलं याची नोंद उपयोगी पडते. जंतांचं गणित तर आणखी स्पष्ट आहे. अळी पोटात गेल्यापासून अंडी शीत दिसेपर्यंत आठवडे लागतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशीच्या नमुन्यात अंडी असणं म्हणजे जंत तुमच्या घरात झालेले नाहीत.

रोज ठरावीक वेळी वजन, तापमान, किती खाल्लं, उलट्या-जुलाब किती वेळा, हे वहीत लिहा. लक्षणांचे व्हिडिओ काढा. जाहिरातीचे, संदेशांचे स्क्रीनशॉट आणि पैसे दिल्याची नोंद आजच जपून ठेवा. जाहिराती तक्रारीनंतर गायब होतात.

घर आणि बाकीची माणसं

दुसरा कुत्रा असेल तर पहिले १४ दिवस पिल्लू वेगळ्या खोलीत, भांडीही वेगळी. पार्वोचा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन्‌महिने टिकतो. नेहमीच्या फिनाइलने किंवा हाताच्या सॅनिटायझरने तो मरत नाही. आधी घाण साबणाने पूर्ण धुवून काढा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि ३० भाग पाणी असं द्रावण लावून १० मिनिटं ओलं राहू द्या. घाणीवरच ब्लीच ओतलं तर ते निकामी होतं, आणि लघवी किंवा दुसरं क्लीनर यात मिसळलं तर विषारी वायू सुटतो. अंथरुणं, मऊ खेळणी टाकून द्या.

गोलजंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, म्हणून एका डोसने काम होत नाही. दर दोन आठवड्यांनी औषध पुन्हा लागतं, आणि मात्रा त्या दिवशीच्या वजनावर ठरते. पोट फुगलेलं, अंग बारीक असं पिल्लू असेल तर पहिला डोस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्या, कारण एकदम मेलेले जंत आतडं अडवू शकतात. गोलजंताची ताजी अंडी माणसाला लगेच बाधत नाहीत, त्यांना पिकायला दोन-तीन आठवडे लागतात. रोजच्या रोज शी उचलली की साखळी तुटते. लहान मुलांचे हात धुवायला विसरू नका. खरूज आणि नायटाही पिल्लाकडून माणसाला होतो.

वागणुकीतले त्रास

हे त्रास आजार बरा झाल्यावर लक्षात येतात. पिंजऱ्यात स्वतःच्याच घाणीवर झोपलेल्या पिल्लाची ‘झोपायची जागा स्वच्छ ठेवायची’ ही उपजत ओढ मोडलेली असते. त्यामुळे क्रेटमध्ये (झोपायच्या बंद पिंजऱ्यात) ठेवलं की बाहेर येईपर्यंत ते थांबेल, हा नेहमीचा आडाखा इथे चालत नाही. दर तासाला, झोपेतून उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळल्यावर एकाच जागी न्या, झाल्याबरोबर खाऊ द्या, चुकलेल्या जागा एन्झाइमच्या क्लीनरने पुसा. ओरडल्यास ते लपून शी करायला किंवा शी खायला शिकतं. याला दोन महिनेही लागतात, आणि त्यात पिल्लाचा काही दोष नसतो.

चार-पाच आठवड्यांचं असताना आईपासून तोडलेलं पिल्लू फार जोरात चावतं, कारण किती जोराने चावलं की खेळ थांबतो हे ते भावंडांकडून शिकलेलंच नसतं. चावलं की खेळ तिथेच थांबवा, २० सेकंद पाठ फिरवा, मग पुन्हा सुरू करा. घरातल्या प्रत्येकाने हेच करायचं.

नवी माणसं, आवाज, फरशा यांची भीती न बसण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो. लस पूर्ण होईपर्यंत घरात कोंडून ठेवलं तर तोही हातचा जातो. पिल्लाला कडेवर घेऊन बाहेर न्या, जमिनीवर सोडू नका. घाबरून लपलं तर ओढून काढू नका. त्याच्यापासून थोड्या अंतरावर बसा आणि त्याला यायचं तेव्हा येऊ द्या.

विकणाऱ्याशी बोलणं

फोन नको, लेखी. खरेदीची तारीख, लक्षणं सुरू झाल्याची तारीख, डॉक्टरांचं निदान, आतापर्यंतचा खर्च, तुमची नेमकी मागणी आणि उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत, एवढंच लिहा. सोबत प्रती जोडा, मूळ कागद देऊ नका. निदान पूर्ण व्हायच्या आत थोडे पैसे घेऊन ‘यापुढे काही मागणार नाही’ अशा कागदावर सही करू नका. ‘हे परत द्या, दुसरं नेऊन जा’ हा प्रस्ताव आमच्या मते नाकारावा: दुसरं पिल्लू त्याच फरशीवरून येतं, आणि परत गेलेल्या आजारी पिल्लावर उपचार होतील याची हमी कोणी देत नाही. त्याच पिलावळीतली पिल्लं घेतलेले लोक शोधा. तिघांचे अहवाल एकत्र ठेवून ग्राहक तक्रार आणि प्राणी कल्याण यंत्रणेकडे गेलात तर प्रकरणाला वजन येतं.

पिल्लू वाचलं नाही तर पुरायच्या आधी शवविच्छेदन करून घ्या. देह थंड ठेवा, गोठवू नका, २४ तासांच्या आत न्या. त्या क्षणी हे फार अवघड जातं, पण मृत्यूचं कारण नंतर कोणत्याही मार्गाने सिद्ध करता येत नाही.

काही दोष महिन्यांनी बाहेर येतात. सशासारखं दोन्ही मागचे पाय एकत्र टाकत पळणं, जिना टाळणं हे खुब्याच्या दोषाचं लक्षण असू शकतं. चार महिन्यांनंतर एक्स-रे काढता येतो. तोवर वजन आटोक्यात ठेवा, गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाका. चालता चालता तीन पायांवर उडी मारून पुन्हा नीट चालणं म्हणजे गुडघ्याची वाटी सरकणं. सहा महिन्यांपर्यंत न उतरलेलं वृषण शस्त्रक्रियेने काढावं लागतं, कारण पोटात राहिलं तर पुढे गाठीचा धोका वाढतो. असा आनुवंशिक दोष निघाला तर या कुत्र्याची पिल्लं काढू नका. डॉक्टर योग्य वय सांगतील तेव्हा नसबंदी करून घ्या.